देवघरात ठेवलेला शिक्का

लाकडी मुठीचा, तळाला रबर चिकटवलेला मी एक जुना शिक्का आहे, मित्रांनो. मुठीचा रंग उडाला आहे आणि कडेला जांभळ्या शाईचे डाग कायमचे बसले आहेत. आता मी एका खिळ्याला सुतळीने टांगलेला असतो. पण माझी बरीच वर्षं देवघरात गेली, आणि मला सांगायचं आहे ते तिथलंच.

माझा जन्म नेरच्या बसस्टँडसमोरच्या एका टपरीत झाला. टपरीवाल्याने माझ्यावर 'जगदंबा महिला बचत गट' अशी अक्षरं उठवली. मला न्यायला गटाच्या अध्यक्ष बिजलीबाई जवळच्या बंजारा तांड्यावरून आल्या होत्या. त्यांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "किती वर्स टिकन हा?"

"तुमी टिकान तवर टिकन, माय."

"मंग पैसे कमी घे. मी काई लय दिवस टिकत नाही!"

गटात बारा बाया होत्या. कापडावर आरसे आणि कवड्या टाकून त्या पिशव्या, तोरणं, उशांचे अभ्रे भरत. माझा पहिला ठसा उमटला तो बँकेच्या कर्जाच्या अर्जावर, आणि तो अर्ज एका फेरीत मंजूर झाला. बिजलीबाईंना वाटलं, हा माझाच पायगुण. घरी येताच त्यांनी मला कुंकू लावलं आणि देवघरात जगदंबेच्या तसबिरीजवळ बसवलं. त्या दिवसापासून आंघोळ केल्याशिवाय मला कुणी शिवत नसे. मंगळवारी मला फूल मिळे. बिजलीबाईंचा सांजदिवा कधी चुकला नाही, आणि त्या दिव्याचा थोडा उजेड माझ्याही वाट्याला येई. मी फार सुखात होतो, मित्रांनो. एवढंच की, मला घराबाहेर नेत नसत. कागद माझ्याकडे येत, मी कागदाकडे जात नसे. "देवातली चीज बसनं फिरवत नसतेत," असं बिजलीबाई म्हणत.

त्यांची सून संगीता बारावी शिकलेली. गटाचं लिहिण्या-वाचण्याचं काम तिच्याकडे. तिने मोबाइलवरून पाठवलेले फोटो पाहून जर्मनीतल्या एका दुकानदार बाईने तीनशे अभ्रे मागवले. बातमी ऐकून अंगणात हशा पिकला.

"तिथल्या बाया या उशा कुठं ठेवतीन वो?"

"सोफ्यावर. पाठीमागं."

"अगंऽ! म्हंजे आपन जे आरसे ओढनीवर, डोक्यावर मिरवतो, त्याले ते पाठ टेकवतीन?"

सगळ्यात मोठ्याने बसंतीबाई हसल्या. गटातला सगळ्यात बारीक टाका त्यांचा. त्यांचा एक डोळा लहानपणी देवीच्या आजारात गेला होता. चाळीस वर्षं त्यांनी उरलेल्या एका डोळ्यावर आरसे शिवले. त्या उन्हाळ्यात त्या डोळ्यापुढेही काळी जाळी येऊ लागली. आषाढ सरता सरता यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतला पडदा सुटतो आहे. नागपूरला ऑपरेशन करा, महिन्याच्या आत करा, नाहीतर इलाज राहणार नाही. नागपूरच्या दवाखान्यात पैसे अगोदर भरायचे होते. गटाची शिल्लक तर कापडात, धाग्यात आणि पार्सलच्या खर्चात गेलेली. म्हणून बायांनी ठराव केला की परदेशातून पैसे आले की आधी बसंतीबाईंचा डोळा, मग बाकी वाटणी. त्या ठरावावर मीच उमटलो होतो.

श्रावणातल्या एका सोमवारी पैसे आले. आले म्हणजे यवतमाळच्या बँकेपर्यंत आले. परदेशी चलनातला पैसा आपल्या पैशासारखा सरळ खात्यात येऊन बसत नाही, हे आम्हां सगळ्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. तो कुणाचा, कशाबद्दल आला, हे कागदावर लिहून द्यावं लागतं. मगच बँक युरोचे रुपये करते. त्यासाठी मुदत होती पंधरा दिवस. नाही दिलं, तर पैसे आले तिकडे परत.

पार्सलच्या पावत्या मिळवून संगीता गुरुवारी यवतमाळला गेली. परदेशी पैशाचं काम पाहणारे धम्मरत्न साहेब भले माणूस. त्यांनी कागद पाहिले आणि म्हणाले, "युरो दारापर्यंत आले, ताई, आता फक्त चपला काढून आत यायचे राह्यले. या आमच्या फॉर्मवर अध्यक्षांची सही आणि गटाचा शिक्का द्या. दोन्ही आमच्याकडच्या नमुन्याशी जुळले पाहिजे."

सही तर बिजलीबाई केव्हाही करून देणार होत्या. प्रश्न माझा होता. मी घरी, देवघरात. बिजलीबाई मला पिशवीत घालून संगीताबरोबर आल्या असत्या, तर काम उभ्याउभ्या झालं असतं.

संगीता फॉर्म घेऊन परतली तेव्हा तांड्यात रडारड चालली होती. बिजलीबाईंचे मोठे दीर रूपसिंग शेतातल्या मोटरीजवळ बसल्या जागी गेले होते. तांडा सगळा एका भावकीचा, त्यामुळे सुतक घरोघरी. बिजलीबाईंनी दारातूनच हात जोडले आणि देवघरावर पांढरा कपडा टाकून तो चारही बाजूंनी बांधून घेतला. आता तेराव्या दिवशी घर सारवून, आंघोळी करूनच तो सुटणार होता. मी त्या कपड्याच्या आत होतो.

त्यानंतरचं सगळं मी फक्त ऐकलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी संगीता सासूजवळ बसली. सासूला ती याडी, म्हणजे आई, म्हणे. "याडी, फॉर्मवर सही करून देता का?"

"आन. सही माह्या हातातली हाय, ते देतो."

"अन् शिक्का?"

"शिक्का देवातला हाय."

"बसंतीकाकीचा डोळा हाय, याडी. दिवस मोजून राह्यलो आपन."

मग बिजलीबाईंचा आवाज आला, अगदी बारीक. "मले काय तिचं दुखत नाही? पन झाकलेला देव मधात उघडत नसतेत, पोरी. घरात मौत झाली हाय. अजून काई वंगाळ झालं, त मी कोनाले तोंड दाखवू?"

संगीताने बँकेत फोन लावला. नवा शिक्का करून आणला तर चालेल का, असं विचारलं. धम्मरत्न साहेब म्हणाले, "नवा शिक्का म्हणजे नवा ठराव, नवा नमुना, अन् वरून मंजुरी. त्याले याच्यापेक्षा जास्त दिवस लागतीन, ताई. जुनाच आणा. सोमवारी शेवटचा दिवस हाय. मी सहापर्यंत थांबतो."

सोमवार म्हणजे सुतकाचा बारावा दिवस. तेरावा मंगळवारी.

सोमवारी सकाळी बिजलीबाई नदीवर गेल्या असताना संगीता देवघरापुढे येऊन उभी राहिली. तिच्या बांगड्यांचा आवाज मी ओळखला. कपड्याची एक गाठ हलली. दुसरी गाठ हलली. माझ्यावर उजेडाची एक चीर पडली, आणि मित्रांनो, मला आनंद झाला. तेवढ्यात उंबऱ्यावर चाचपडत कुणी आलं. बसंतीबाई होत्या. त्यांना आता समोरचं माणूस फक्त सावलीसारखं दिसत होतं.

"संगीता, तू काय करून राह्यली?"

"काई नाही, काकी."

"गाठ सोडून राह्यली नं? मले दिसत नाही, पन ऐकू येते."

"आज शेवटचा दिवस हाय, काकी! साडेदहाची बस सापडली त काम होते."

"राहू दे. एका डोळ्यापायी साऱ्या तांड्यावर दोष नको आनू. उद्याच त सुटते. देवी एका दिवसानं काई माहा डोळा घेत नाही."

संगीता रडू लागली. बसंतीबाईंनी अंदाजाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग गाठी पुन्हा बांधल्या गेल्या, आणि उजेडाची चीर मिटली. मला हात नाहीत, तोंड नाही. दुसऱ्याने उचलल्याशिवाय मला एक अक्षरही बोलता येत नाही.

मंगळवारी तेरावं झालं. घर सारवलं, कपडा सुटला, मला धुऊन कुंकू लावलं आणि मग फॉर्मवर दाबलं. मी अगदी स्वच्छ उमटलो. संगीता दुपारच्या बसने धावत बँकेत पोचली. धम्मरत्न साहेब तिला पाहून खुर्चीवरून उठले. पैसे आदल्या संध्याकाळीच परत गेले होते. साहेब साडेसहापर्यंत थांबले होते, त्यापुढे त्यांच्या हातात काही नव्हतं.

संगीताने जर्मनीच्या बाईला मोबाइलवरून पत्र पाठवलं. उत्तर आलं ते यंत्राने आपोआप पाठवलेलं, की दुकान तिकडच्या उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी तीन आठवडे बंद आहे. त्या बाईने उघडल्या उघडल्या पैसे पुन्हा पाठवले, तिचा काहीच दोष नव्हता. जाता-येताच्या बँकांनी आपापलं कापून घेतलं. पण खरं जायचं ते त्याआधीच गेलं होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी बसंतीबाईंच्या डोळ्यात बॅटरी मारली आणि 'उशीर झाला' म्हणून ती बाजूला ठेवली.

पैसे दुसऱ्यांदा आले तेव्हा बिजलीबाईंनी मला स्वतः देवघरातून उचललं आणि संगीताच्या पिशवीत घातलं. मी पहिल्यांदा बस पाहिली, यवतमाळ पाहिलं, बँकेतलं ते टेबल पाहिलं. फॉर्मवर उमटायला मला एक क्षण पुरला. परत आल्यावर बिजलीबाईंनी मला देवघरात ठेवलं नाही. बाया जिथं भरतकाम करतात त्या ओसरीत खिळा ठोकला आणि मला टांगलं. दिवा त्या अजून रोज लावतात. दिवा लावून झाल्यावर मात्र पूर्वीसारखं गुणगुणत नाहीत.

बसंतीबाईंची जागा बरोबर माझ्या खिळ्याखाली आहे. शिवणं सुटलं, पण घरी करमत नाही म्हणून त्या रोज येतात. परदेशचा कागद आला की संगीता मला त्यांच्याच हातात देते आणि त्यांचं बोट कागदावर नेमक्या जागी टेकवते. त्या मला दाबतात आणि विचारतात, "सिधा उमटला काय वो?"

"सिधा उमटला, काकी," संगीता म्हणते. मी बहुतेक वेळा तिरपा उमटलेला असतो.

मित्रांनो, मी देवाजवळ राहिलेला आहे, देवाविषयी वावगं बोलणार नाही. बिजलीबाईंचा नेमही खोटा नव्हता. एवढंच मागतो, की ज्या वस्तूवर दुसऱ्याचं काही अडून आहे तिला फार जपून, फार उंच ठेवू नका. कुणालाही पटकन उचलता येईल अशी ती हाताशी असू द्या. मला एक दिवस आधी उचललं असतं, तर मी तिरपा आहे हे बसंतीबाईंनी स्वतः पाहिलं असतं, आणि त्यावरून सगळ्यांना हसवलं असतं.