मालिनीबाईंचा सोऱ्या

हसू नका, मी सोऱ्याच बोलतोय. पितळी, वजनदार आणि जरासा कुरकुऱ्या. भांडी बाजारातून मालिनीबाईंनी मला आणलं, तेव्हापासून पंचवटीतल्या या इमारतीच्या गच्चीवर दर उन्हाळ्यात कुरडया घालतोय. बाकीचं वर्ष फळीवर लोळतो. एवढी रजा सरकारी नोकरीतही मिळत नाही.

माझा दांडा फिरवतात ते चिंतामणराव, बाईंचे यजमान. बाईंचं मनगट दुखतं म्हणून त्यांनी हे काम अंगावर घेतलं. बायका तोंडाला पदर लावून हसतात, ते मात्र घाम पुसत चीक मागत राहतात. या घरात भांडणं होत नाहीत असं नाही. पण चुकलेला माणूस सुनेसमोरसुद्धा "चुकलं माझं" म्हणतो, आणि मग त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही. सून मृण्मयी नवी असताना हे बघून चाटच पडली होती.

यंदा वरच्या मजल्यावर राकेश आणि स्नेहा राहायला आले. त्यांच्या दारातली बुद्धमूर्ती शेजारच्या भागुबाईंच्या नजरेतून सुटली नाही. परवा सकाळी स्नेहा धावत खाली आली. चीक शिजून तयार होता आणि तिच्या सोऱ्याचा दांडा मोडला होता. चीक गरम आहे तोवरच कुरडई पडते, गार झाला की गहू भिजवल्यापासूनची सगळी मेहनत पाण्यात.

मी फळीवरून उडीच मारणार होतो. पण भागुबाई तिथेच बसल्या होत्या. "नैवेद्याचा सोऱ्या हे तो, मालिनीताई. असा कुनालाबी देऊ नका."

बाई गडबडल्या. सोवळ्यातला आहे, आज नको, असं काहीतरी पुटपुटल्या. स्नेहा "बरं" म्हणाली आणि जिना चढून गेली. पितळेचा असूनही मला लाज वाटली.

भागुबाई गेल्या. आतून सगळं ऐकत असलेल्या चिंतामणरावांनी आवाज चढवला नाही, नुसत्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मला काखोटीला मारलं आणि दोघं वर निघाले.

"स्नेहा, मघाशी चुकलं माझं," बाई दारातूनच म्हणाल्या. "चीक घट्ट झाला असेल तर गरम पाणी घालून घोटू. अजून जमेल."

स्नेहाने चिकाच्या पातेल्याकडे एकदा वळून पाहिलं. मग बाजूला झाली. "आत या, काकू."

मला कळलं ते एवढंच, की घरात रोज "चुकलं" म्हणायची सवय असली की शेजाऱ्याच्या दारातही ते जिभेला जड जात नाही.

कुरडया जाडसर झाल्या, पण झाल्या. मला परत न्यायला बाई विसरल्या. खरं तर विसरल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी भागुबाईंचा चीक शिजला. त्याही दर वर्षी मलाच नेतात. बाईंनी गोड हसून सांगितलं, सोऱ्या वर आहे. भागुबाई जिन्यातच थबकल्या. वर जाववेना, आणि खाली चीक गार होत होता. शेवटी दार वाजलं.

स्नेहाने मला त्यांच्या हातात दिलं नाही. "चला मावशी, मीच घालून देते. एकटीने व्हायचं नाही ते."

भागुबाई तिच्यासोबत जिना उतरल्या. मग पुढे होऊन त्यांनी आपल्या घराचं दार तिच्यासाठी उघडं धरलं.

मंडळी, तुमच्याही फळीवर माझा कोणी भाऊबंद लोळत असेल. त्याला शेजारी धाडा. चीक गार व्हायच्या आत.