विल्मर टॉलिव्हरच्या नावाची पाटी

मी विल्मर टॉलिव्हरच्या नावाची पाटी. पितळेची, वीतभर लांब. सध्या अमेरिकेत, वेस्ट विंडसरला, दिगंबरकाकांच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर टांगलेली असते. इथे माझ्याबद्दल फार बोललं जातं आणि ते सगळं काकाच बोलतात, म्हणून आज मी बोलतेय.

माझी जागा आगगाडीच्या झोपायच्या डब्यात होती. विल्मर तिथे पोर्टर. बिछाने घालायचा, बूट चमकवायचा, कोणाचं पोर रडलं तर तेही सांभाळायचा. त्याचं नाव कोणी विचारत नसे. डब्यांच्या कंपनीच्या मालकाचं नाव जॉर्ज, म्हणून त्याचे सगळे काळे पोर्टर जॉर्ज. गुरांना मालकाचा डाग असतो, तसं.

मग पोर्टरांनी संघटना बांधली. बारा वर्षं कंपनीने त्यांना धमकावलं, माणसं कामावरून काढली, आणि शेवटी करारावर सही केली. त्या धामधुमीत कधीतरी मला डब्यात लावलं. प्रवाशांचे बूट हातात घेण्याआधी विल्मर मला पुसायचा.

तो म्हातारा झाला, गेला. घर विकलं गेलं. जुन्या बाजारात दाराच्या मुठींच्या खोक्यात मी काकांना सापडले.

काकांना ऑफिसात डग म्हणतात. विल्मरवर जॉर्ज लादला होता. काकांनी डग स्वतः मागून घेतला. गोऱ्यांना दिगंबर म्हणायला त्रास नको म्हणून.

गेल्या रविवारी केदार आला. नागपूरचा, काकांच्याच टीममध्ये, व्हिसावर. शरयूकाकूंनी पोहे दिले आणि काकांनी माझी गोष्ट सुरू केली. प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

"आणि गंमत म्हणजे, त्यांचा पुढारी स्वतः पोर्टर नव्हताच," काका म्हणाले. "म्हणून तर कंपनीला त्याला काढता येईना. मानलं पाहिजे यार त्या माणसाला."

केदारने प्लेट खाली ठेवली आणि खिशातून घडी केलेला कागद काढला.

"काका, हे मॅनेजमेंटला द्यायचंय. सात महिने झाले, वीकेंडची ड्यूटी फक्त आम्हा व्हिसावाल्यांनाच लागते. नाही म्हटलं अन् नोकरी गेली, तर साठ दिवसांत देश सोडायचा. सहा जण सही करायला तयार आहेत. वर एक सिटिझनचं नाव पाहिजे."

काकांनी कागद वाचला. दोनदा वाचला.

"हे वेगळं आहे रे. आम्ही पण काढलीत ही वर्षं. थोडं अ‍ॅडजस्ट करायचं असतं."

"तुम्हाला कोण काढतंय, बाबा?" अनया जिन्यावरून म्हणाली. ती त्यांची मुलगी, कॉलेज सोडून घरी बसलेली. "तुम्ही तर सिटिझन आहात."

"तू आधी डिग्री घे, मग शिकव मला."

"अजून पोहे देऊ का रे?" काकूंनी विचारलं. कोणालाच नको होते.

"सोमवारी बघू," काका म्हणाले. "प्रमोशनचं चाललंय माझं. तेवढं होऊ दे."

केदारने खिशातलं पेन काढलं आणि सगळ्यात वर, काकांसाठी सोडलेल्या जागेत, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. "येतो काका," म्हणाला, आणि पायात बूट घालून गेला.

या घरातल्या मोठ्यांना मी नीट ओळखते. वाईट नाहीत. दुसऱ्यांनी जिंकलेल्या लढाया भिंतीला लावायला त्यांना आवडतात, एवढंच.

दिगंबर, तुला नावानेच हाक मारते, रागावू नकोस. तो पोरगा काल एकटा तो कागद घेऊन आत गेला. तुझ्या टेबलासमोरून गेला, तू स्क्रीनकडे बघत होतास, असं तूच रात्री जेवताना शरयूला सांगितलंस. त्याच्या नावाखाली अजून जागा आहे. तू तिथे नाव लिहीपर्यंत माझी गोष्ट कोणाला सांगू नकोस. नाहीतर मला पुन्हा मुठींच्या खोक्यात टाक. तिथे निदान कोणी माझं कौतुक करत नव्हतं.