ऐंशी नंबरचं पोर्ट

सुवा बंदरातून बेटांवर जाणाऱ्या बोटींची तिकिटं आमची कंपनी विकते. कंपनीच्या सर्व्हरचा रूट, म्हणजे सर्वाधिकार, एकट्या वेरेनिकीकडे होता आणि त्याला त्याचा माज होता. बुकिंगचा प्रोग्राम मी लिहिलेला. इंटरनेटवरून गिऱ्हाइकं येतात सर्व्हरच्या ऐंशी नंबरच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, आणि एवढ्या खालच्या नंबरचं पोर्ट उघडायचा हक्क जुन्या नियमानं फक्त रूटला.

"माझ्या प्रोग्रामला तेवढं पोर्ट उघडायची परवानगी द्या," मी म्हटलं होतं. "एका ओळीचं काम. अख्खा रूट कशाला?"

"अगं लोसा, तू मला शिकवतेस?" तो खो खो हसला, आणि प्रोग्राम रूट म्हणूनच चालवला.

प्रोग्रामला जोडलेल्या, इंटरनेटवरून घेतलेल्या एका फुकटच्या तुकड्यात भोक निघालं आणि चोर शिरला. प्रोग्राम रूट होता म्हणून अख्खं यंत्रच त्याच्या हाती गेलं. त्यानं नाताळची सगळी बुकिंगं पुसली. वेरेनिकीनं मालकीणबाईंसमोर माझ्याकडे बोट दाखवलं, आणि माझी रवानगी तिकीटखिडकीवर झाली. तेव्हापासून मी त्याला पाण्यात पाहत होते.

यंदा विमावाल्यांनी अट घातली की बाहेरच्या जगाशी बोलणारं काहीही रूट म्हणून चालवायचं नाही. वेरेनिकीनं प्रोग्रामचा रूट काढला, तर पोर्ट उघडेना आणि प्रोग्राम उभाच राहीना. विक्री बंद पडली तेव्हा मालकीणबाईंना, मेरेओनीबाईंना, माझी आठवण झाली. मी ती एक ओळ लिहिली. प्रोग्राम साध्या खात्यातून ऐंशीवर चालू झाला.

"एवढंच होतं?" बाईंनी विचारलं.

"एवढंच. तेव्हाही मागितलं होतं. ह्या वेरेनिकींनी हसण्यावारी नेलं."

वेरेनिकीच्या तोंडचं पाणी पळालं. "आता रूट लोसाकडे," बाई म्हणाल्या. "कुणाला काय द्यायचं ते तीच ठरवेल."

संध्याकाळी तो दोन वडीलधाऱ्यांना घेऊन, यांगोनाची, म्हणजे जिचं पेय करतात त्या मुळांची, जुडी हातात धरून, माझ्या ओसरीत चटईवर मान खाली घालून बसला. अशी माफी आमच्यात नाकारत नाहीत. जुडी स्वीकारली की भांडण मातीत पुरलं. तोवर जे काही झालं, त्याचा पुन्हा कुणी शब्द काढायचा नाही. म्हणजे त्याच्या खात्याचा रूट मी उद्या काढणार नाही, असा त्याचा हिशेब.

"जरा टेका, मामा," मी म्हाताऱ्यांना म्हटलं. "आलेच."

आत जाऊन लॅपटॉप उघडला. वेरेनिकीच्या खात्याचा रूट काढून टाकला. तिकिटांचा प्रिंटर बंद-चालू करण्यापुरता हक्क ठेवला. मग बाहेर येऊन जुडीला हात लावून ती स्वीकारली, रिवाजाप्रमाणे टाळ्या वाजवल्या आणि यांगोना कालवून झाल्यावर पहिली वाटी एका दमात प्यायले. इतकी चविष्ट यांगोना मी जन्मात प्यायले नव्हते.

"झालं गेलं पुरलं," दोघांतले थोरले मामा म्हणाले.

"पुरलं," वेरेनिकी म्हणाला, आणि सुटल्यासारखा हसला.

सकाळी तो माझ्या टेबलापाशी आला. "लोसा, माझं खातं…"

"काय झालं खात्याला?"

आता तो कुठल्या तोंडानं विचारणार? दोन साक्षीदारांसमोर त्यानंच सगळं पुरलं होतं.

"काही नाही," तो म्हणाला, आणि प्रिंटरकडे गेला.