शिसं ओतताना बोलायचं नसतं

जुना तर मी आहेच, मित्रांनो, आणि हट्टीसुद्धा. तांब्याचा पसरट वाडगा, काठाशी एका जागी चेपलेला. सारायेवोच्या तांबटआळीत एका कारागिराने मला ठोकून ठोकून आकार दिला. त्याचा हात जड होता आणि तोंड फटकळ. माझा काठ वाकडा झाला तेव्हा त्याने मलाच शिव्या घातल्या, जणू तो मी मुद्दाम वाकवला होता. मग आतून झकास कल्हई लागली आणि मी बोस्नियाच्या डोंगरातल्या या गावात, शेम्साच्या आईच्या स्वयंपाकघरात आलो.

सुरुवातीची वर्षं मजेत गेली. माझ्यात पीठ मळलं, प्लम धुतले. शेम्सा आणि तिचा धाकटा भाऊ हायरुदिन माझ्यातलं उरलेलं गोड चाटण्यावरून भांडायची. माझा काठ चेपला तो त्या भांडणात. पुढे आईने शेम्साला शिसं ओतायला शिकवलं आणि त्या दिवसापासून माझ्यात पीठ पडलं नाही.

आमच्याकडे कोणी दचकलं, झोपेत ओरडायला लागलं, की त्याला शिसं ओतणाऱ्या बाईकडे नेतात. त्याला स्टुलावर बसवायचं, डोक्यावर पांढरा कपडा टाकायचा आणि पाण्याने भरलेला वाडगा डोक्यावर धरायचा. तो वाडगा म्हणजे मी. मग बाई दुवा पुटपुटत चुलीवर वितळवलेलं शिसं पाण्यात सोडते. चर्र असा आवाज होतो. शिसं काटेरी निघालं तर भीती अजून आत आहे, गुळगुळीत निघालं तर ती गेली. शेम्साच्या आईने यात एक नियम पक्का घालून दिला होता. शिसं ओतताना कपड्याखालच्या माणसाने बोलायचं नाही. बोललं तर भीती परत आत शिरते. काय झालं ते शिसंच सांगेल.

पुढे देशात लढाई झाली, त्यानंतर तर अर्धं गाव माझ्याखाली बसून गेलं. शेम्साच्या वाडग्यात बरकत आहे, असं लोक म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

हायरुदिन मोठा झाला, लाकडाच्या गिरणीत कामाला लागला. रुवेयदाशी त्याचं लग्न झालं, जेनेता नावाची मुलगी झाली. मनाने लाख माणूस, पण मशिदीत जायचा तो दोन्ही ईदला, आणि तेही सगळ्यांच्या मागून. संध्याकाळी मित्रांबरोबर प्लमची दारू घ्यायचा आणि गाणी म्हणत घरी यायचा. जेनेता दाराशी उभी राहून त्याच्या सुरात सूर मिसळायची. बापलेकीचं ते गाणं आमच्या खिडकीपर्यंत ऐकू येई. जेनेता शिकून दवाखान्यात नर्स झाली, नेर्मिन नावाच्या भल्या मुलाशी तिचं लग्न ठरलं, आणि एक दिवस हायरुदिन गिरणीतच छातीत कळ येऊन गेला.

त्याच सुमारास शेफकिया एफेंदी गावात आला होता. एफेंदी म्हणजे धर्म शिकवणारा गुरू. आवाज असा की कुराण वाचायला लागला की बायका डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावत. हायरुदिनच्या दुखवट्याला तो शेम्साकडे कॉफीला आला.

"एफेंदी, तुमच्यापासून काय लपवू?" शेम्सा रडत म्हणाली. "माझा भाऊ सोन्यासारखा होता हो. पण प्यायचा. त्याचं कसं होईल तिथं?"

एफेंदीने सगळं ऐकून घेतलं. कॉफी संपवून निघून गेला.

काही महिन्यांनी तो पुन्हा आला. रुवेयदा आणि जेनेता तिथंच बसल्या होत्या. त्याने डोळे मिटले आणि हलक्या आवाजात म्हणाला, "हायरुदिनची कबर दिसते मला. आत अंधार आहे. दारूचा वास येतोय."

रुवेयदाने पेला बशीवर ठेवून दिला. "या अल्ला, यांना कसं कळलं?" शेम्सा पुटपुटली.

अगं बाई, कळायला काय झालं? तूच नव्हतं का सांगितलंस, याच चुलीपाशी बसून? पण फळीवरच्या वाडग्याचं कोण ऐकतंय.

जेनेताचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी काय करू, एफेंदी? बाबांसाठी मी काहीही करीन."

"आज्ञा पाळ," तो म्हणाला. "मुलगी गुरूच्या शब्दात राहिली की बापाची कबर उजळते. शंका घेतलीस तर विझते."

मित्रांनो, तिचं बापावरचं प्रेमच त्या माणसाने पकडलं. चांगल्या घरात चोर शिरतो तो दार फोडून नाही, ओळखीने शिरतो, तसं झालं.

मग एकेक सुरू झालं. नेर्मिनशी लग्न मोडायचं, कारण तो नमाजी नाही. मोडलं. दवाखान्यातली नोकरी सोडायची. सोडली. एफेंदीच्या घरचे गालिचे धुवायचे, पाहुण्यांचा स्वयंपाक करायचा. तेही केलं. दर वेळी तो म्हणायचा, थोडं उजळलं. आणि ती जरा खुलली की म्हणायचा, पुन्हा अंधारलं, तुझ्या मनात काहीतरी आलं असणार. गाव कौतुक करायचं, केवढी श्रद्धाळू पोर. शेम्साही शेजारणींना अभिमानाने सांगायची. ज्या मुलीचं हसू अंगणापलीकडे ऐकू यायचं तिचा आवाज मला हळूहळू ऐकूच येईनासा झाला.

एका दुपारी रुवेयदा तिला हाताला धरून घेऊन आली. "वन्सं, हिला बघा हो. जेवत नाही, झोपत नाही, सारखी दचकते."

"दृष्ट लागली असेल माझ्या पोरीला," असं म्हणत शेम्साने मला फळीवरून काढलं. जेनेता स्टुलावर बसली. डोक्यावर कपडा पडला. रुवेयदाने मला तिच्या डोक्यावर धरलं. जेनेताची थरथर कपड्यातून माझ्या बुडाला लागत होती आणि माझ्यातलं पाणी हलत होतं.

"आत्या, मला काहीतरी सांगायचंय," कपड्याखालून आवाज आला.

"श्श. आत्ता नाही."

"आत्या, एफेंदी म्हणतात की…"

"गप्प बस म्हटलं ना, जेनेता. भीती परत आत जाईल."

शिसं पडलं. इतकं काटेरी शिसं मी कधी पाहिलं नव्हतं. शेम्साने पुन्हा ओतलं, पुन्हा ओतलं, शेवटी ते गुळगुळीत निघालं. "गेली बघ," रुवेयदाने निःश्वास टाकला. शेम्साने माझ्यातल्या पाण्याने मुलीचं तोंड पुसलं, कपाळाचा मुका घेतला.

"आता एफेंदींकडे जा, त्यांची दुवा घे," ती म्हणाली. "माझ्या भावाची कबर तुझ्या हातात आहे गं."

जेनेताने आईकडे पाहिलं, मग आत्याकडे. दोघीही मायेने हसत होत्या. "बरं, आत्या," ती म्हणाली आणि गेली.

तिला काय सांगायचं होतं ते आम्हाला पुढच्या वसंतात कळलं. एफेंदीच्या घरातून ती अनवाणी पळून आली आणि त्याच स्टुलावर बसून, डोक्यावर काही न घेता, सगळं बोलली. एफेंदीने तिला आपल्याशी गुपचूप निकाह लावायला सांगितलं होतं. साक्षीदार नको, आईला कळायला नको, दोघांचे शब्द पुरेत. नाही म्हणालीस तर कबर तुझ्या बापावर मिटेल. शिसं ओतलं त्या दिवशी ती हेच विचारायला आली होती, हे सगळं खरं असतं का. तिला गप्प करून आम्ही परत पाठवलं, आणि संध्याकाळी ती हो म्हणाली. रुवेयदाने ते ऐकून भिंतीवर डोकं आपटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मशिदीचे कारभारी घरी आले. एफेंदीने त्यांचे कान आधीच भरले होते. पोरीचं डोकं फिरलंय, बिचारी, हवं तर आत्याला विचारा.

"शेम्सा, हिच्यासाठी शिसं ओतलं होतंस?" म्हाताऱ्या कारभाऱ्याने विचारलं.

"हो."

"काटेरी निघालं?"

शेम्साचे ओठ हलले, पण खोटं तिला बोलता आलं नाही. "हो."

"मग झालं तर." त्याने साखरेचा खडा कॉफीत बुडवून तोंडात टाकला. "एफेंदींनी आपल्या पोरांना कुराण शिकवलं. एका आजारी मुलीपायी गावाची अब्रू चव्हाट्यावर आणायची का?"

जेनेता दाराआड उभी होती. तिने कोट चढवला आणि निघाली. आता ती परदेशात, ल्युब्ल्यानाच्या इस्पितळात नर्स आहे.

शेम्सा कित्येक दिवस चुलीपाशी नुसती बसून राही. शेवटी बायकांना धर्म शिकवणारी झुम्रा आली. "कबरीतलं मला दिसत नाही, शेम्सा," ती म्हणाली. "त्यालाही दिसत नाही. अल्लाशिवाय कोणालाच नाही. मी हे तेव्हाच येऊन बोलायला हवं होतं, मलाही त्याची भीती वाटली." मग दोघी घरोघर गेल्या. या वेळी शेम्साने विचारलं आणि ऐकत राहिली. आणखी घरांत त्याला अंधाऱ्या कबरी दिसल्या होत्या, आणखी मुली गप्प होत्या. सगळ्या मिळून धर्माचा निवाडा करणाऱ्या मोठ्या मुफ्तींपर्यंत गेल्या तेव्हा कुठे त्याचं शिकवणं बंद झालं. आता गावात बंद दाराआड कोणी कोणाला धर्म शिकवत नाही, आणि तक्रार ऐकायला परगावच्या दोन बायका येतात.

शेम्सा आता शिसं ओतत नाही. माझी कल्हई उडाली, मी हिरवा पडलोय. त्याचं मला काही वाटत नाही. कोणी घाबरलेलं पोर घेऊन आलं तर ती स्टूल जवळ ओढते, म्हणते "सांग", आणि तिची कॉफी गार होते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घाबरलेल्या माणसाला गप्प करू नका, मग ते कितीही मायेने असो. आणि तुमच्या गेलेल्या माणसाच्या नावाने जो तुम्हाला राबवतो, त्याला उठून विचारा, तुला कोणी सांगितलं? विचारल्याने देव रागावत नाही. रागावतो तो तोच माणूस.

दर शुक्रवारी रुवेयदा इथं येऊन लेकीला फोन लावते. "ईदला ये ना गं," ती म्हणते.

"नाही जमत, आई. बांग ऐकली की त्याचाच आवाज ऐकू येतो मला."

जेनेता शिकलेली आहे. झुम्राने तिला समजावलं, आईने समजावलं, तिला सगळं पटतं. तरीही फोन ठेवण्याआधी ती विचारतेच. "आई, अंधार आहे का गं बाबांकडे?"

"सकाळीच जाऊन आले. गवत उपटलं. ऊन होतं, बाळा."

"परत सांग."

"ऊन होतं."