सगाईची मसाल्याची दारू

व्याही म्हणे, "आमच्यात सगाईले जुनी मसाल्याची दारू लागते. थे पाजसान तरच पोरीचा गूळ खाऊ." घ्या! दारूबंदी लागल्यापासून तांड्यात साधी मोहाची मिळाची मारामार, आन् या भावसिंग नायकाले मसाल्याची पायजे! आमचे मालक रामधन तं त्याहून शहाणे. माह्याकडं बोट दाखवून छाती फुगवून म्हणते कसे, "आमच्या हंसाले येते."

कायची येते! थे दारू माही सासू करे. ते गेली, आन् कृतीबी तिच्यासंगच गेली. मोहाच्या दारूत जुना गूळ, बडीशेप, संत्र्याची वाळली साल, इतकं मले आठवे. मंग कायचं तरी कडू मूळ टाके, थे काई केल्या आठवेना. पोरीच्या मनात भावसिंगचा पोरगा भरला होता, आन् ते दाराआडून मलेच पाहून राह्यली होती.

मालकाचे आजे-पणजे बैलांवर माल लादून गावोगाव हिंडत. तवापासून घरात रीत, सारी चीजवस्तू पुडक्यांत बांधून आढ्याले टांगाची. एका पुडक्यात वाळलं मूळ सापडलं. हुंगलं, वास कडू. म्हटलं हेच! कुटून टाकलं मडक्यात.

सगाईले पंच बसले. पयला घोट पोरीच्या बापानं घ्याचा, मंग पाहुण्यानं. मालकानं पेला भरला, तेवढ्यात माहा दीर लालसिंग दारात आला. "वयनी, ते मूळ कुठी हाय वं? बैलाच्या खुरात किडे झाले."

"कोणतं मूळ?"

"आढ्याचं. जहर हाय थे, लावलं का हात धुजो."

सांगितलं तं पंचांसमोर नाक कापलं जाते, पोरीची सगाई मोडते. नाई सांगितलं तं... मालकाचा पेला ओठापाशी गेलता. मी धावली, पेल्याले असा फटका मारला का पेला पंचाच्या मांडीवर, आन् मडकं लाथेनं उलटं केलं.

"बैलाचं जहर हाय त्यात," मी म्हटलं. "चूक माही. पोरीची नाई."

भावसिंग मातीत मुरत्या दारूकडं पाहत राह्यला.

"मंग खरं मूळ कोणतं, व्याही?" मी रडकुंडीले येऊन इचारलं. "तुमी तं पेली असन ना?"

"म्या कायची पेली," तो खाली मान घालून म्हणे. "बापाच्या तोंडून आयकली होती."

असा राग आला मले! व्याही नसता तं दिल्या असत्या दोन. भावसिंगनं गुळाचा खडा उचलून तोंडात टाकला. "झाली सगाई," म्हणे. मी तशीच मातीत बसली आन् मोठ्यानं रडली.