मृगातला ढग

दूध सोसायटीच्या निवडणुकीलाही जमत नाहीत एवढी माणसं त्या सांजेला सोसायटीच्या पटांगणात जमली होती. बायका लेकरं काखेला मारून आलेल्या, म्हातारी माणसं रिकाम्या पोत्यांवर बसलेली. लग्नात लावतात तसा पांढरा पडदा भिंतीवर ताणला होता आणि पडद्यापुढे पाटावर निळ्या कफनीतले मेघबाबा.

"वर बघा," बाबा म्हणाले. "ढग दिसतोय का?"

डोईवर मृग नक्षत्र होतं. त्याच्या पोटाशी तिकांडं, त्या तीन चांदण्या. बाकी आभाळ कोरडं ठणठणीत.

"न्हाई, बाबा."

"बंकटराव, काढा फोटो."

बंकट म्हणजे गेवराईचा लग्नातला फोटोग्राफर, आता बाबांचा पट्टशिष्य. त्याने प्रोजेक्टरला जोडलेल्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं. पडद्यावर नुसत्या चांदण्या.

"मृग कोरडा हाय, म्हणून पाऊस न्हाई. आता मेघाला मी बोलावतो."

आणि बाबांनी मंत्र धरला. ओम मेघाय, ओम महामेघाय, ओम मेघांच्याही मेघाय. मंत्रात मेघाशिवाय दुसरं काही नव्हतं, पण तो लांब होता आणि मधे खोकायला भरपूर जागा होती. मंत्र संपला तशी बंकटने मान हलवली, आणि पडद्यावर तिकांड्याच्या खाली पंख पसरलेल्या पाकोळीसारखा लालसर ढग उमटला.

 पुढच्या पोत्यावर बसलेल्या म्हाताऱ्या सिंधुबाईंनी दोन्ही हात जोडले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"मृगात ढग आला, आता मृगाचा पाऊस कुठं जातोय?" बाबा म्हणाले. "पण ध्यानात ठेवा. जनावर गावाबाहेर पडलं की मेघ त्याच्यामागं जाणार. सरकारच्या चारा छावणीला एक शेपूट हलता कामा नये. अन् मेघयागाला दूधतूप कमी पडू देऊ नका."

मागे, सोसायटीच्या दाराशी, केशर लेकीला कडेवर घेऊन उभी होती. सिंधुबाईंची ही सून. सकाळ-संध्याकाळ सोसायटीत आलेल्या दुधाची फॅट मोजायची. नवरा परळीला नोकरीला, आठवड्याने यायचा. तो ढग तिने लगेच ओळखला. तिचाच होता तो ढग.

लेक झोपली की केशर गच्चीवर जायची. ख्वाजा मेकॅनिकने तिला दोन फळ्या, एक बिजागरी आणि लांब बोल्ट जोडून दिला होता. फळीवर कॅमेरा बसवायचा आणि बोल्ट हाताने हळूहळू फिरवत राहायचं, म्हणजे आभाळ सरकेल तसा कॅमेराही सरकतो. लेक रडली की बोल्ट सोडून खाली पळायचं. असे अर्धेमुर्धे फोटो तिच्याकडे ढीगभर होते. ह्या दोन वर्षांत आभाळ जितकं कोरडं, तितके तिचे फोटो स्वच्छ. हे ती कुणाला बोलायची नाही. ह्या ढगाचा एक चांगला आला तो तिने सोसायटीच्या भिंतीवर चिकटवला, पण येताजाता कुणी त्याच्याकडे बघितलंही नाही. "ताई, हे कसं काढलं?" असं एकट्या बंकटने, लग्नाचे फोटो काढायला गावात आला तेव्हा, विचारलं होतं. तिला इतका आनंद झाला होता, की तिने त्याला सगळं शिकवलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आत्या, उद्या सोसायटीचे सर्जेराव चेअरमन छावणीची नावं घेऊन जाणार. शेवटचा दिस हाय. आपल्या चंद्री गाईचं नाव द्या."

"मेघ आलाय की आता."

"चंद्रीच्या बरगड्या मोजता येतात. ती पडली तर पोरीला दूध कुठलं?"

"म्हणूनच म्हणते, थांब," सिंधुबाई म्हणाल्या. "तू शिकलेली हायस, तुला सगळं खोटंच दिसतंय. मला दिसलं ते मला दिसलं."

गोठ्यात चंद्री रिकामी गव्हाण चाटत होती. 

दुसऱ्या दिवशी सांजेला ती आपली फळी आणि कॅमेरा घेऊनच पटांगणात गेली. कडेवर लेक, ती किरकिर करत होती.

"चेअरमन, आज आधी मी काढते फोटो. बाबांनी फकस्त गप बसावं."

"बाईमाणसानं मेघाच्या मधे पडू नये," बाबा म्हणाले.

"पडत न्हाई बाबा, खालीच बसते."

चारदोन माणसं हसली. सर्जेराव म्हणाले, "काढू द्या की. मेघ काय तिच्या बापाला भितोय का?"

बंकट पायाकडे बघत राहिला. केशरनेच प्रोजेक्टरची वायर ओढून आपल्या कॅमेऱ्याला जोडली. लेक काही केल्या थांबेना, तेव्हा तिला मांडीवर घेऊन एका हाताने थोपटत, दुसऱ्याने बोल्ट फिरवत केशरने अंगाई धरली.

"नीज गं माझ्या साळुंके, गोठ्यात निजलं वासरू,
चुलीत निजला विस्तव, नको गं डोळे उघडू..."

अंगाई संपेपर्यंत लेक झोपली. पडद्यावर ढग उमटला. तोच. बाबांच्यापेक्षा मोठा, जास्त लाल.

"आरं," एक म्हातारा म्हणाला, "बाबांपरीस अंगाईच भारी की रं."

"आता बाबा, तुमी मंत्र म्हणा," केशर म्हणाली. "सगळा म्हणा. मी सुरवातीलाच बटण दाबून लगेच सोडते."

बाबांनी मंत्र म्हटला. पडद्यावर नुसत्या चांदण्या.

"मंत्रानं ढग येत न्हाई, मंत्रानं वेळ जातो," केशर म्हणाली. "टँकरचा नळ ठिबकत असला, तर ओंजळीत काय येतंय? आपला डोळा म्हणजे ओंजळ. भरायच्या आधीच रिती होते. कॅमेरा म्हणजे घागर. मंत्र सरस्तोवर तिचं तोंड उघडं ठेवून द्या, थेंब थेंब साठतो. त्या ढगाचा उजेड लई बारीक हाय, तो साठवावा लागतो. मंत्र म्हणा, अंगाई म्हणा, न्हाईतर तंबाखू मळा."

"पर ढग हाय न्हवं?" सर्जेराव म्हणाले.

"हाय. पाण्याचा न्हाई. वायू अन् धूळ. त्याचा आजचा उजेड तिथनं निघाला, तवा वेरूळचं कैलास लेणंबी खोदलं नव्हतं. पाऊस झाला त्या सालीबी तो तिथंच होता, दुष्काळातबी हाय. त्याला आपली खबरच न्हाई."

"श्रद्धा नसंल तिथं मेघ थांबत न्हाई," बाबा म्हणाले, आणि पाट न उचलताच गाडीकडे निघाले. बंकट वायरी गोळा करत मागे राहिला. "ताई, लग्नंच न्हाईत यंदा, खायचं काय?" तो पुटपुटला. केशरने त्याच्याकडे पाहिलं नाही.

तिला वाटलं होतं, आता लोक चिडतील, हसतील, निदान बोलतील. पण सगळे खाली माना घालून बसले होते, आपल्याच घरातून काहीतरी चोरीला गेल्यासारखे. सिंधुबाई उठून तिच्याजवळ आल्या.

"तुजं खरं हाय, केशर. डोळ्यानं बघितलं. पर एवढा एक ढग हुता, त्योबी नेलास. आता वर बघायचं ते काय म्हणून?"

 प्रकाश कसा साठतो ते तिला सांगता येत होतं. पाऊस कधी येईल ते तिलाही कुठे ठाऊक होतं?

शेवटी सिंधुबाईच म्हणाल्या, "चेअरमन, चंद्रीचं नाव घाला. दुसऱ्याच्या हाताला ती धार देत न्हाई, मी जाते तिच्यासंगं छावणीला." मग सुनेकडे वळून, "पोरीला कोण बघंल गं, तू कामावर गेल्यावर?"

केशरने झोपलेल्या लेकीला खांद्यावर घेतलं. सासूमागोमाग निम्म्या घरांनी नावं दिली. निम्मी उठून अंधारात घरी गेली. त्यांच्या गोठ्यांचं काय होणार, हे केशरला दिसत होतं आणि ती काही करू शकत नव्हती. जाणाऱ्यांच्या पाठीमागे ती एवढंच म्हणाली:

"मला मानू नका. मीबी चुकंन. पर उद्या दुसरा कुणी येईल, पाणी दावील, धन दावील, रोग काढून दावील. त्याला हात जोडायच्या आधी एवढंच म्हणा, बाबा, आज तुमी गप बसा. अन् तरीबी तेच होतंय का, ते तेवढं बघा."