न सारवलेली जागा

नाथाजी तात्यांनी काठी घातली ती निम्मी जमिनीत गेली.

"ह्ये बघा! ह्ये बघा धोंडुबाई! घूस हितनं शिरती आन् समद्या चाळीच्या पोटात फिरती. आता बोला!"

धोंडुबाई दाराला टेकून नुसती काठीकडे बघत उभी राहिली. मी शेजारच्या खोलीतून धावत आले होते, हात कणकेने भरलेले. घरमालक ओरडतोय आणि शेजारीण कणीक मळत बसलीय, असं आमच्या चाळीत कधी घडलं नाही.

तात्यांचा नियम मी साताऱ्यात बिऱ्हाड केल्या दिवसापासून ऐकत आले होते. डोक्यावरचं त्यांचं, पायाखालचं आमचं. पावसाळ्याआधी कौलं ते चाळून देणार. जमीन सारवायची, बिळं बुजवायची, दिवाळीला भिंतींना चुना द्यायचा, ते भाडेकरूंनी. नियमात खोट काढायला जागाच नव्हती. मेल्या नियमांत ती कधीच नसते!

आणि धोंडुबाई काही गबाळी नव्हती. तिची खोली माझ्या खोलीहून लख्ख असायची, हे कबूल करणं मला आजही जड जातं. फक्त उंबऱ्याच्या आत सुपाएवढी जागा ती सोडायची. भोवताली गुळगुळीत सारवण आणि मध्ये हा भेगाळलेला, पोपडे सुटलेला तुकडा, तात्यांची काठी शिरली तोच. नवीन बिऱ्हाडकरू विचारायचे. जुने विचारत नव्हते.

तिचा नवरा कोंडीबा पोवई नाक्यावर टांगा हाकायचा. लढाई सुरू झाली तसा पलटणीत भरती झाला. निघायच्या दिवशी धोंडुबाई सकाळीच सारवायला बसली होती. आतल्या भिंतीपासून मागे सरकत सरकत उंबऱ्यापाशी आली, तर हा बाबा तिथेच बसून बूट बांधतोय. "उठा की वाईच," ती म्हणाली. "झालंच," तो म्हणाला. बूट बांधून उठला, ट्रंक उचलली आणि गेला. तेवढी जागा राहिली.

आता जाणाऱ्याच्या पाठीमागे कोण सारवेल? आमच्याकडे माणूस बाहेर पडल्या पडल्या शेजारणी येऊन जमीन सारवतात ती एकदाच, त्याला खांद्यावरून नेल्यावर. मग त्या जागी दिवा ठेवायचा, भोवती पीठ पसरायचं, वर वेताची पाटी उपडी घालायची आणि दुसऱ्या दिवशी पिठात पाऊल उमटलंय का ते बघायचं; माणसाचं, पाखराचं, कसलंही उमटलं तर गेलेला जीव येऊन गेला म्हणायचं. गावाला गेलेल्याचं वेगळं. तो पोचल्याची खबर येईपर्यंत त्याच्यामागे केरसुणीसुद्धा लावायची नाही, असं धोंडुबाईच्या सासूने तिला शिकवलेलं.

मुंबईला बोटीत बसल्याची खबर आली. मलायात पोचल्याची काही आली नाही. पुढे सरकारकडून कळलं, शिपाई सापडत नाही. मेला असं कोणी म्हटलं नाही, आहे असंही नाही. लढाई संपली. नाक्यावर एकेक जण उतरू लागला, कुणी एका हाताचा, कुणी ग्रामोफोन घेऊन आलेला. धोंडुबाई प्रत्येकाला विचारून यायची आणि घरी येऊन गुपचूप दळायला बसायची. चार घरची दळणं करून जगत होती ती.

त्या थंडीत पेठेत उंदीर मरून पडायला लागले. एक आमच्या अंगणातच पडला, तुळशीपाशी. म्हणून तात्या काठी घेऊन खोल्या तपासत निघाले होते.

"उद्याच्याला बुजवून सारवून घ्या," ते म्हणाले. मग आवाज जरा खाली आणला. "न्हाईतर खोली सोडा. माजी नातवंडं हायत हितं, धोंडुबाई. मी तरी काय करू?"

त्यांचं चुकत नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला.

ते गेल्यावर मी तिच्यावर घसरले. "अगं बुजव ना एकदाचं! जमीन आहे ती. प्लेगने मरायचंय का सगळ्यांना?"

"शकुताई, खोली सोडली तर ते आल्यावर कुटं जात्याल? त्यास्नी ह्येच दार म्हाईत हाय."

"मग सारव."

"सारवलं म्हंजी…" ती थांबली. खाली बसून तिने त्या पोपड्यांवर तळवा ठेवला. "म्हंजी मीच त्यास्नी भायेर काढल्यावानी हुईल वो."

मला भडभडून आलं. "मी सारवते," मी म्हणाले. "माझ्या हाताने. तुला दोष नको."

"नगं, नगं! दुसऱ्यानं सारवायचं म्हंजी तर मयताचंच झालं."

मी चडफडत घरी आले. तिचा राग आला, तात्यांचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या कोंडीबाचा. बूट बांधायला अंगणात बसता येत नव्हतं का माणसाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे फुटकी बरणी मागायला आली. काचा बिळात कोंबल्या म्हणजे घूस पुन्हा उकरत नाही. तिने काचा घातल्या, वर खडी ठोकली, माती भरून धुम्मसाने चोपून बसवली. मग शेणाचं घमेलं ओढलं. मी दारात उभी होते. तिचा हात काला कालवत राहिला, कालवतच राहिला. शेवटी तिने पदर खोचला आणि सारवायला घेतलं. रडली नाही. मीच रडले, आणि रडताना तिच्यावर ओरडले, "उजवीकडे राहिलंय बघ!"

उंबऱ्यापर्यंत सारवत आल्यावर ती बाहेर आली आणि पायरीवर बसून राहिली. जमीन वाळेपर्यंत आत जाता येत नव्हतं. तात्या येऊन बघून गेले. "ब्येस झालं," म्हणाले, आणि घाईने निघून गेले.

दिवेलागणीला ती पुन्हा आली. "शकुताई, मूठभर पीठ द्या. माजं संपलंय." दुसऱ्यांची दळणं दळणाऱ्या बाईच्या घरात पीठ नव्हतं. कशाला हवंय ते मी विचारलं नाही. दोन मुठी दिल्या.

सकाळी मला राहवलं नाही. गेले, तर ती नुकतीच पाटी उचलत होती. दिवा विझला होता. भोवतालचं पीठ रात्री पसरलं तसंच होतं, सपाट. माणसाचं नाही, पाखराचं नाही, कसलंच पाऊल त्यात नव्हतं. तिने वाकून, मग गुडघ्यावर टेकून, चहूबाजूंनी पाहिलं.

"शकुताई," ती म्हणाली, "ते हितंबी पोचलं न्हाईत."

तिने पीठ तळव्याने गोळा केलं आणि अंगणात चिमण्यांना टाकलं. त्यानंतर तिची जमीन कधी उघडी राहिली नाही. आतल्या भिंतीपासून मागे सरकत ती उंबऱ्यापर्यंत सगळी सारवायची, आणि मग वाळेपर्यंत पायरीवर बसायची, नाक्याच्या रस्त्याकडे तोंड करून. जमीन वाळून गेली तरी बराच वेळ तिथेच असायची.